मुठींची वही

आडतीत मुनीमकी केलेल्या माणसाला तोंडं लक्षात राहत नाहीत, हात राहतात. तूर मुठीत घेऊन फुंकर मारणारा हात, रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगणारा हात, दस्तखत करायच्या आधी धोतराला तीनदा पुसला जाणारा हात. म्हणून गुरुपादप्पांनी भर बैठकीत "मुठी मोजायचं काम आपल्या शिवलिंग मुनीमाकडं" असं जाहीर केलं तेव्हा कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. गोष्ट तिथंच मिटली असती.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि पाऊस न होऊन दुसरं. कलेक्टर कचेरी आली, साहेबांचे बंगले आले, पाट्यांवरचं गावाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. नळाला पाणी मात्र आठ-दहा दिवसांनी एकदा यायचं, तेही आधी तासभर नुसतं फुसफुसून. गुरुपादप्पा आमच्या आडतीचे मालक आणि बालविहार समितीचे अध्यक्ष. समितीत सात व्यापारी आणि चिटणीस मी. म्हणजे बोलणारे सात आणि लिहिणारा एक. जिल्ह्याच्या गावाला पोरांचं उद्यान नाही, ही गोष्ट आप्पांच्या मनाला फार लागली होती.

"उस्मानाबादला हाय का? न्हाई ना? मग आपल्याला पायजेच," असा त्यांचा हिशोब.

झाडं लावावीत तर पाणी नाही. तेव्हा लोखंडाचं उद्यान करायचं ठरलं. लोखंडाला पाणी घालावं लागत नाही. झोके, घसरगुंडी, आणि मधोमध आडव्या दांड्यांची उंच शिडी. पोरांनी लोंबकळत एका दांडीवरून दुसरीवर जायचं, पायाखाली काही नाही.

नकाशा काढून देणारा साहेबराव ओव्हरसियर मुखेडकडचा, नांदेडला शिकलेला, बोलायला साधा. तो म्हणाला, "आप्पा, दांडी किती जाड, दोन दांड्यांत अंतर किती, उंची किती, हे सगळं पोरांच्या मुठीवर ठरतं. बोटं वळून अंगठा वर आला पायजे. आणि मुठीत स्वतःचं वजन पेलायचा जोर पायजे. शंभर पोरं मोजा. सगळ्या वस्त्यांतली, सगळ्या शाळांतली. आकडे मला पाठवा, मी मापं कळवतो." एवढं सांगून तो बदलीवर नांदेडला गेला.

मोजायचं यंत्र संगप्पानं केलं. संगप्पाचं दाळमिलच्या मागं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि शिडीही तोच करणार होता. त्यानं दोन पट्ट्यांत टेम्पोची स्प्रिंग बसवली, पत्र्यावर काटा लावला, माझ्याकडची वजनं टांगून एकेक किलोची खूण केली. पट्ट्या मुठीत दाबायच्या, काटा जाईल तो आकडा. संगप्पानं पहिल्यांदा स्वतः दाबला. एक्केचाळीस. मग माझ्या हातात दिला. सव्वीस.

"मुनीमजी," तो म्हणाला, "एवढ्या मुठीत टाकच मावतो बघा."

ते दिवस वैशाखाचे होते. शाळा सुटलेल्या. सगळ्या वस्त्या म्हणजे उन्हातनं सायकल मारत साहेबांची कॉलनी, मोंढा, स्टेशनकडची घरं, गावाच्या चारी टोकांना. मी विचार केला, आपल्याला पोरं मोजायचीत, वस्त्या नाहीत. पोरं कुठं सापडतात? हापशावर. आमच्या खालच्या गल्लीच्या हापशावर पहाटेपासून पन्नास-साठ पोरं रांगेत असत, घागरी-कळशा मांडून. वर लिंबाची सावली. मी पाटावर बसलो, मांडीवर वही घेतली, आणि तीन दिवसांत एकशे चार मुठी मोजून मोकळा झालो. नाव, वय, मुठीचा आकडा, शेवटचा रकाना शेऱ्याचा. वही इतकी स्वच्छ की आप्पांनी ती समितीत फिरवली.

जी पोरं हापशावर येतच नव्हती, ती माझ्या वहीत आली नाहीत. आता लिहिताना हे किती सोपं दिसतं. त्या वेळी मला खरंच वाटलं होतं, गावात याहून वेगळी पोरं नाहीतच.

वहीत सगळ्यांत वरचा आकडा होता चोवीस. नाव पंचशीला, वय बारा. तिची आई गुणाबाई रोजगार हमीच्या खडीवर जायची. सकाळी सातच्या आत तिला कामावर पोचायचं असे, म्हणून घरचं पाणी पंचशीलाकडं. हात काळेसावळे, तळव्याला चार घट्टे, आणि जिभेला लगाम नाही.

"काका, मूठ मोजून काय देणार?"

"खेळायला शिडी."

"आन् खेळायचं कवा? हापसा आटल्यावर?"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसलो. तिनं काटा दाबला, दात न खाता, सहज. चोवीस. मी पुन्हा दाबायला लावला. पुन्हा चोवीस.

"डाव्यानं बी दाबू का? डावा फुकटच चाललाय."

डाव्याचे एकवीस.

आकडे नांदेडला गेले आणि साहेबरावाचं पत्र आलं. त्यानं लिहिलं होतं, या वयाच्या पोरांची मूठ साधारण यापेक्षा बरीच हलकी असते. आकडे सगळ्या वस्त्यांतले आहेत ना, याची खात्री करावी. असल्यास मापं पुढीलप्रमाणे. खाली दांडीची जाडी दीड इंच, दोन दांड्यांतलं अंतर दीड फूट, उंची सात फूट.

मी पत्र आप्पांना वाचून दाखवलं. "हलकी असते" इथं ते ताठ बसले.

"त्याला म्हणावं, हा लातूर जिल्हा हाय! पोरांची मूठच तशी हाय आपल्या." मग बाकीच्या व्यापाऱ्यांकडं बघून, "उस्मानाबादची मोजा म्हणावं, मग कळंल."

खात्रीबद्दलचं वाक्य मी जरा भरभर वाचलं होतं. मी उत्तर लिहिलं: "आकडे बरोबर आहेत." आकडे बरोबरच होते. मुनीमाला खोटं बोलायला आकडा बदलावा लागत नाही.

संगप्पानं शिडी उभी केली, हिरवा रंग मारला. त्याच सुमारास माझी बायको रुद्राणी बाळंतपणाला निलंग्याला गेली. घरात राहिलो मी आणि माझी आई शांतम्मा, आमची अव्वा. अव्वाचे गुडघे धरलेले. मी आडतीत जायच्या गडबडीत. रांगेत उभं राहायला कुणी नाही. मग एका सकाळी मी पंचशीलाला म्हटलं, "पोरी, तुझ्या मुठीत एवढा जोर हाय. आमच्या दोन घागरी हापसत जा की. उद्घाटनाला शिडीवर पहिला नंबर तुझा."

"पयला? साहेबाच्या पोरींच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

"वहीत लिहा मग."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. पहिला नंबर. तिनं ते वाचून घेतलं, सातवीत होती, आणि मगच हापशाच्या दांड्याला हात घातला.

आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग आहे. आमच्यात माणसामाणसांत भेद नाही असं आम्ही सांगतो, आणि अव्वा तर फार गोड आवाजात सांगायची. तिनं मला घागरी देताना एवढंच म्हटलं, "हापसू दे की लेकराला. लोखंडाला काय होतंय? घागरीला तेवढा हात लावू नगं म्हणावं."

मला ते पंचशीलाला सांगावं लागलं नाही. घागर मी मांडायचो, ती हापसायची, भरत आली की दांडा सोडून दोन पावलं मागं सरायची, मी उचलायचो. तिला हे कुणी शिकवलं मी विचारलं नाही. गल्लीतल्या चार-पाच घरांचं पाणी ती असंच हापसत होती, त्यात आप्पांचंही घर होतं, हे मला मग दिसलं. सगळ्यांच्या घागरी ज्याच्या त्यानं उचलायच्या.

एकदा ती मागं सरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुमची घागर लई लाजरी हाय. कुनी हात लावलेला चालत न्हाई तिला."

मी "घाई आहे" असं काहीतरी म्हटलं आणि घागर खांद्यावर घेतली. शेऱ्याच्या रकान्यात यातलं काही नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी घरची आणि ओळखीची पोरं शिडीवर आणली. त्यांचा नातू, नऊ वर्षांचा, गुबगुबीत, संगप्पानं उचलून पहिल्या दांडीला लटकवला. त्याचा अंगठा बोटांपर्यंत पोचेना. दुसऱ्या दांडीकडं हात टाकला आणि पिकल्या सीताफळासारखा खाली आला. मुरमावर बसकण मारून रडायला लागला. मग एका कापड दुकानदाराची मुलगी. मग साहेबांच्या कॉलनीतली दोन पोरं, बूट घातलेली. तिसऱ्या दांडीला कुणी शिवलं नाही.

संगप्पानं माझ्याकडं बघितलं. "मुनीमजी, तुमच्या वहीतली पोरं कुठली हो?"

"लाडावलेली हायत ही," आप्पा नातवाला झटकत म्हणाले. "दूध पिऊन पिऊन हात मऊ झालेत. शिवलिंग, तुमची ती चोवीसवाली आणा बघू."

पंचशीला आली, परकर खोचला, आणि सातही दांड्या पार करून गेली, येताना उलटी आली. मध्ये थांबून एका हातावर लोंबकळत नातवाला म्हणाली, "ये ना रे पैलवान!" आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला तेव्हाच कळलं होतं. एकशे चार मुठी ज्या रांगेतनं आल्या ती रांग कसली होती, हे त्या चार पोरांच्या उघड्या बोटांकडं बघून मला स्वच्छ कळलं होतं. पण पाहुणे मुंबईहून निघाले होते, मंडप पडला होता, आणि पोरगी एक तर जात होती ना? मी स्वतःला म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे.

उद्याचा दिवस असा गेला. पहाटे पाचला मी हापशावर. आमच्या दोन घागरी रोजच्या. त्यावर समितीच्या पाहुण्यांना प्यायला, सरबताला, आणि मंडपापुढं धूळ बसायला सडा मारायचा म्हणून आणखी वीस. रांगेतल्या बायकांनी शिव्या दिल्या, मी जिल्ह्याचं नाव सांगितलं. हापशाचं पाणी त्या दिवसांत इतकं खोल गेलं होतं की एका घागरीला दीड-दोनशे हापसे लागत. आधी तिचं घरचं, मग गल्लीतली ठरलेली घरं, मग आमचं, मग समितीचं. ती हापसत होती आणि मी घागरी मोजत होतो. चौदाव्या घागरीला तिनं तळवे परकराला पुसले.

"काका, हात मुके झाले."

"संपत आलं. पहिला नंबर हाय ना तुझा?"

"हाव, हाव. लिवलंय तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा दांड्याला लोंबकळली.

पाहुणे नऊला येणार होते, ते साडेअकराला आले. भाषण झालं, नारळ फुटला. आप्पांनी माईकवर सांगितलं की शास्त्रीय पद्धतीनं शंभर मुलांच्या मुठी मोजून बांधलेलं मराठवाड्यातलं हे पहिलं बालविहार, आणि चिटणीसांना उभं केलं. मी उभा राहून नमस्कार केला. मग पंचशीलाचं नाव पुकारलं.

पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला ती जरा थांबली. खालनं तिचे हात मला दिसत होते, कारण मी हातच बघतो. पाचवीला तिनं उजवा हात टाकला, दांडी धरली, डावा सोडला, आणि तिचा उजवा हात निसटला नाही, घसरला नाही, तो सावकाश उघडला. एकेक बोट. करंगळी आधी.

ती मनगटावर पडली. आवाज आला तो कोरड्या काटकीचा.

मनगटाची दोन हाडं मोडली. प्लास्टर सहा आठवड्यांचं. डॉक्टर म्हणाले, पोरीचं वय आहे, जुळेल, पण पकड पहिल्यासारखी येईल का ते आता सांगता येत नाही.

तीन दिवसांनी आडतीच्या गादीवर समितीची बैठक बसली. उद्यान सोमवारी सगळ्यांना खुलं व्हायचं होतं, आणि त्याआधी कारण लिहून ठेवायला पाहिजे होतं. कारण खाली उभं होतं. संगप्पा, टोपी हातात घेऊन.

"वेल्डिंगला धार राहिली आसंल," एक व्यापारी म्हणाला. "रंग वला आसंल," दुसरा. संगप्पा म्हणाला, "मालक, हात फिरवून बघा की. मापाबरहुकूम केलंय म्या." आणि त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला खरं ठाऊक होतं आणि तो माझं नाव घेत नव्हता. मला तेच सहन झालं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. बैठकीत लिहिणारा बोलला म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. मी सांगितलं, की मी पोरं फक्त हापशावर मोजली. की ती रोज पाचशे-पाचशे हापसे मारणारी पोरं होती. की बाकी गावाच्या पोरांचा अंगठा त्या दांडीवर येत नाही, आपण आदल्या संध्याकाळी डोळ्यांनी बघितलं. शिडी चुकीची आहे, कापायला पाहिजे. एवढ्यावर थांबायला हवं होतं का मला माहीत नाही. मी पुढं म्हणालो, "आणि पंचशीला त्या मुठीनंही पडली, कारण पहाटेपासून तिच्याकडनं पाणी हापसून घेतलं होतं. मीच घेतलं."

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता.

"म्हणजे पोर दमलेली होती."

"हो, पण..."

"मग झालं की! शिडीत दोष न्हाई, संगप्पात दोष न्हाई. पोर दमलेली होती म्हणून पडली. लिहा, शिवलिंग. सोमवारी खुलं करा. संगप्पा, जा तू कामाला."

संगप्पा गेला नाही. मी लिहिलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, हे मला नीट मांडून आणावं लागेल. उद्या आणतो." आप्पांना माझी सवय माहीत होती. ते म्हणाले, "कच्चं करून आणा." बाहेर पडल्यावर संगप्पानं एवढंच म्हटलं, "तुमी कागद आणा. गॅस भरून ठिवलाय म्या. कापायला अर्धा तास लागतो."

मी कागद घेऊन सरळ गुणाबाईच्या दारात गेलो. कच्चा कागद त्या बाईला वाचून दाखवावा, असं मनात होतं. खरं तर तिनं मला दोन शिव्या द्याव्यात, असं होतं. तिनं दिल्या नाहीत. ती खडीवरनं नुकती आली होती, पाय धुवायला वाटीभर पाणी घेऊन बसली होती. पंचशीला उंबऱ्यावर, प्लास्टर मांडीवर.

मी म्हटलं, "गुणाबाई, चुकलं माझं."

"मला सांगून काय करता?" ती पाय चोळत म्हणाली. "मी हाय का समितीत? तितं सांगा."

"सांगितलं. आता लिहून देतो आहे."

"काय लिवलंय?"

मी वाचायला लागलो तशी पंचशीलानं डावा हात पुढं केला. "द्या हिकडं. तुमी भरभर वाचता."

तिनं वाचलं. माझं अक्षर सुंदर, तिला अडचण आली नाही. "मुलगी त्या दिवशी श्रमाने थकलेली होती." इथं तिनं बोट ठेवलं.

"कशाचे श्रम? मी काय लग्नात वाढून आले व्हते?"

मी टाक काढला. "समितीच्या कामासाठी पाणी हापसल्याने."

"समितीचं वीस. तुमचं दोन कुटं गेलं? आन् ते बी रोजचं. आन् आप्पाचं, आन् बाकीच्यांचं?"

"तसेच गल्लीतील घरांचे रोजचे" असं मी लिहिलं. तिनं नावं घालायला लावली. मी नावं घातली. शेवटी आप्पांचं.

गुणाबाईचे पाय धुवून झाले होते. तिनं वाटी पालथी केली. "घागर कोण उचलीत व्हतं, ते बी लिव्हा."

"ते कशाला, गुणाबाई? त्याचा शिडीशी काय संबंध?"

"माज्या लेकीचं हात चालले, घागरीला चालले न्हाईत. लिव्हा. तुमी समदं लिवणारे ना?"

पंचशीला माझ्याकडं बघून हसली. चिडवल्यासारखं नाही, धीर दिल्यासारखं. ते फार वाईट होतं. मी लिहिलं: "सदर मुलीस हापशाचा दांडा धरू दिला जात असे, परंतु घागरीस हात लावू दिला जात नसे." कोणत्या घरी? "चिटणीस शिवलिंग यांच्यासह वरील सर्व घरी." मी खाली सही केली. पंचशीलानं ती ओळ मोठ्यानं वाचली, आईसाठी एकदा, आणि मग आणखी एकदा, कुणासाठी ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कागद गादीवर बसून वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं ओरडतील. ते हळू बोलले, आडतीत मोठा सौदा हळूच बोलतात तसे.

"शिवलिंग, तुमचं बरोबर हाय. हापशावर मोजायचं न्हवतं. शिडी कापू. दांडी बारीक घालू, खाली आणू. बाकीचं पाणी-बिणी, तेबी ऱ्हाऊ द्या, नावं ऱ्हाऊ द्या माझ्यासकट. ही घागरीची ओळ तेवढी काढा."

"आप्पा..."

"काढली तर आत्ता संगप्पाला निरोप धाडतो. न्हाई काढली तर हा कागद समितीपुढं जाणार न्हाई, आन् सोमवारी उद्यान खुलं. दोनशे पोरं येतील." त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमच्या अव्वाला काय वाटंल, त्याचा बी इचार करा. गल्लीत तोंड दावायचंय तिला."

खोटं कशाला सांगू? मी दोनशे पोरांचा विचार केला, तो खराच केला. पण टाक उचलताना मला अव्वाचं तोंड दिसत होतं. कशाचा वाटा किती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मी त्या ओळीवरून रेघ मारली. रेघ सरळ आली. मग आप्पा म्हणाले, रेघेखालचं वाचता येतंय, कागद नवाच करा. मी नवा केला.

दुपारी संगप्पानं शिडी कापली. मी दिवसाला एक वस्ती अशी सायकल मारली, नव्यानं पोरं मोजली, साहेबांच्या कॉलनीतलीही. नवी दांडी एक इंचाची, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, खाली वाळू. मृग लागला तरी आभाळ कोरडंच होतं, पण संध्याकाळी उद्यानात पोरांचा कालवा असे. आप्पांचा नातू चौथ्या दांडीपर्यंत जायला लागला. त्या शिडीवरून कुणी पडल्याचं मी नंतर ऐकलं नाही.

हापशावरच्यांना तोंड चुकवत मी आठवडाभर मोंढ्याकडनं पाणी आणलं. मग तिथलाही हापसा आटला. एका सकाळी घागर घेऊन मी खालच्या गल्लीत गेलो. गुणाबाई दांडा मारत होती, कामाला उशीर करून. पंचशीला बाजूला उभी, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, मोठ्यानं हापसे मोजत होती.

"काका! वाचलं का वो त्यांनी?"

रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या.

"वाचलं."

"समदं?"

"शिडी कापली की."

"ती बघितली म्या. घागरीचं वाचलं का? ती वळ?"

मी घागर या हातातून त्या हातात घेतली. "हाव," मी म्हटलं. "समदं."

"काय म्हनले आप्पा?"

"काही म्हणाले नाहीत."

"म्हनतील कशाला! तोंड हाय का?" ती खदखदून हसली आणि आईकडं वळून ओरडली, "आये, वाचलं म्हन! समद्यांपुढं वाचलं!"

गुणाबाईनं दांडा थांबवला. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं कपाळाचा घाम पुसला, आपली कळशी पायानं बाजूला सारली आणि म्हणाली, "या मुनीमजी. तुमची भरून घ्या आधी. आडतीला जायाचं आसंल."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनंही "जा, जा, मोठ्या मनाचा मानूस" म्हणत मला पुढं ढकललं. मी घागर मांडली. गुणाबाई हापसत होती, पंचशीला मोजत होती. एकशे साठला घागर भरली. मी वाकलो, आणि मला उचलायला जड जाईल म्हणून पंचशीलानं डाव्या हातानं घागरीचा काठ धरला, सहज, आणि माझ्याबरोबर उचलू लागली. ती मागं सरली नाही. आता सरायचं काय कारण होतं तिला?

घरी अव्वा उंबऱ्यात बसली होती. मी घागर आत नेऊन ठेवली.

"लवकर आलास रे. कुनी हापसलं?"

"गुणाबाईनं."

"घागरीला न्हाई ना हात लावला कुनी?"

"न्हाई," मी म्हटलं.

अव्वानं तांब्या बुडवला.